शहराचे कचरा धोरण खरे की दिखाऊ, हे कंत्राटात कळते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शहराने शाश्वततेच्या निकषांवर बेतलेले घनकचरा धोरण जाहीर केले आहे. त्यात ‘शून्य कचरा’ हे उद्दिष्ट आहे, पुनर्चक्रणाची टक्केवारी आहे आणि कचऱ्यापासून वीज करणारा मोठा प्रकल्पही आहे. पण घरी ओला-सुका वेगळा करून दिलेला कचरा गाडीत एकत्रच पडताना तुम्ही पाहता. मग शहरे ही तत्त्वे प्रत्यक्षात राबवतात कशी, आधी प्रकल्प की आधी वर्गीकरण, आणि आपले शहर हे मनापासून करते आहे की नाही, हे बाहेरच्या माणसाने ओळखायचे कसे?

मी आयुष्यातला बराच काळ घनकचरा विभागांसोबत काम केले आहे. सुरुवातीला अभियंता म्हणून, नंतर निविदा आणि कंत्राटे तपासणारा सल्लागार म्हणून. त्या अनुभवातून सांगतो, तुमचा प्रश्न तंत्रज्ञानाचा दिसत असला तरी मुळात तो पैशाचा आहे. शहर कशाबद्दल मोबदला देते, तेच त्या शहराचे खरे धोरण. धोरणात वर्गीकरण लिहिले असेल आणि कंत्राटदाराला टनावर पैसे मिळत असतील, तर प्रत्यक्षात टनच गोळा होतात, वर्गीकरण होत नाही. मार्गदर्शक तत्त्वे चांगलीच असतात. ती कंत्राटात, वजनकाट्यावर आणि अंदाजपत्रकात उतरतात की नाही, एवढाच प्रश्न उरतो.

सगळ्या शहरांना एकच उत्तर लागू पडत नाही, हे आधीच मान्य करतो. जागतिक बँकेच्या २०१८च्या अहवालानुसार २०१६ साली जगभरात सुमारे २०१ कोटी टन नागरी घनकचरा निर्माण झाला आणि २०५०पर्यंत हा आकडा ३४० कोटींवर जाईल असा अंदाज आहे. मला त्यातला दुसरा तपशील जास्त उपयोगी वाटतो. श्रीमंत देशांच्या कचऱ्यात अन्नाचा आणि बागेचा वाटा साधारण एक तृतीयांश असतो, तर मध्यम आणि कमी उत्पन्नाच्या देशांत तो निम्म्याहून जास्त. म्हणजे एकीकडे कचरा कोरडा, हलका आणि फुगीर. दुसरीकडे ओला, जड आणि लवकर कुजणारा. एकीकडची यंत्रे दुसरीकडे जशीच्या तशी चालत नाहीत. कागद आणि खोक्यांच्या कचऱ्यासाठी दाबून भरणारा कॉम्पॅक्टर उत्तम, पण ओला कचरा मुळातच दाट असतो. तो दाबला की जागा फारशी वाचत नाही, काळे पाणी मात्र रस्ताभर सांडत जाते. पैशाचे गणितही वेगळे असते. त्याच अहवालाप्रमाणे कमी उत्पन्नाच्या देशांतल्या नगरपालिका अंदाजपत्रकाचा सरासरी २० टक्के भाग कचऱ्यावर घालवतात, श्रीमंत देशांतल्या चारेक टक्के. इमारती उंच आहेत की बैठ्या, पाऊस किती पडतो, जमीन कोणाच्या ताब्यात आहे, कर लावण्याचा अधिकार शहराकडे आहे की वरच्या सरकारकडे, यावर पुढचे बरेच काही ठरते. त्यामुळे कोणी तुम्हाला ‘अमुक शहराचे मॉडेल’ जसेच्या तसे विकू लागला, तर आधी त्या शहराचा कचरा कसा आहे ते विचारा.

आता तत्त्वांकडे. बहुतेक दस्तऐवजांचा पाया एकच असतो, तो म्हणजे प्राधान्यक्रमाची उतरंड. युरोपीय संघाच्या २००८च्या कचरा निर्देशात तिच्या पाच पायऱ्या आहेत: कचरा होऊच न देणे, वस्तू पुन्हा वापरात आणणे, पुनर्चक्रण, ऊर्जा किंवा अन्य रूपाने उपयोग, आणि सगळ्यात शेवटी विल्हेवाट. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांतले १२.५ हेच सांगते, आणि १२.३ हे विक्री व घरगुती पातळीवर दरडोई अन्ननासाडी २०३०पर्यंत निम्म्यावर आणायला सांगते. यात एक गोची आहे, ती फारसे कोणी बोलून दाखवत नाही. उतरंडीच्या वरच्या पायऱ्या शहराच्या हातात जवळजवळ नसतातच. वेष्टन कशाचे असावे, वस्तू दुरुस्त करता यावी की नाही, उत्पादकाने वापरलेली बाटली परत घ्यावी की नाही, हे देशाच्या पातळीवर ठरते. शहराकडे येतो तो आधीच तयार झालेला कचरा. म्हणून शहराच्या धोरणात ‘कचरा कमी करणे’ या प्रकरणात बहुधा भित्तिपत्रके आणि शाळांतल्या स्पर्धाच दिसतात. त्यासाठी मी शहराला फार दोष देत नाही. शहराच्या हातात नक्की काय आहे तर गोळा करणे, वेगळे ठेवणे, ओल्यावर प्रक्रिया आणि उरलेल्याची सुरक्षित विल्हेवाट. तिथे मात्र सबब चालत नाही.

पहिली पायरी अगदी साधी आहे: सगळा कचरा गोळा होतो का, आणि तो नियंत्रित जागी जातो का? शाश्वत विकास उद्दिष्टांत शहरांसाठी जो निर्देशक आहे, ११.६.१, तो पुनर्चक्रणाबद्दल नाहीच. शहरात तयार होणाऱ्या एकूण कचऱ्यापैकी किती गोळा होऊन नियंत्रित सुविधेत पोहोचतो, एवढेच तो मोजतो. ते मोजण्याची पद्धत यूएन-हॅबिटॅट या संयुक्त राष्ट्रांच्या शहरविषयक संस्थेने २०२१ मध्ये तयार करून दिली आहे. हा निकष अनेकांना फारच माफक वाटतो. मला वाटत नाही. इंडोनेशियात बांडुंगजवळच्या लेउविगाजाह कचरा डेपोचा ढिगारा २१ फेब्रुवारी २००५ रोजी पावसात कोसळला आणि खालच्या वस्तीतली सुमारे दीडशे माणसे गाडली गेली. त्यानंतर २००८ मध्ये देशाने कचरा कायदा केला आणि उघडे डेपो पाच वर्षांत बंद करायला सांगितले. मुदत संपल्यावरही कितीतरी डेपो चालूच राहिले, कारण पर्यायी जागा आणि पैसा यांची सोय कायद्यासोबत आली नव्हती. तेव्हा तुमच्या शहराच्या कडेच्या वस्त्यांत गाडी पोहोचत नसेल आणि डेपो उघडा असेल, तर मध्यवस्तीतल्या सुबक वर्गीकरणाला मी शाश्वत म्हणणार नाही.

दुसरे काम आहे कचरा ओळखण्याचे. नव्या शहरात गेलो की मी आधी कचऱ्याच्या घटकांचा अभ्यास मागतो. तो बहुधा जुना असतो, किंवा दुसऱ्याच कुठल्या तरी शहराच्या अहवालातून उचललेला. पद्धत सोपी आहे. वेगवेगळ्या उत्पन्नगटांच्या घरांतून आणि बाजारांतून नमुने घ्यायचे, ढीग नीट मिसळून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, उरलेले पुन्हा मिसळायचे. असे करत शंभरेक किलोचा नमुना उरला की तो हाताने वेगळा करून एकेक घटक तोलायचा. पावसाळ्यात एकदा आणि कोरड्या ऋतूत एकदा. नमुना घराच्या दारातही घ्यायचा, फक्त डेपोवर नाही, कारण डेपोवर पोहोचेपर्यंत कचरावेचकांनी आणि गाडीवरच्या कामगारांनी विकण्याजोगे सगळे काढून घेतलेले असते. डेपोवरच्या नमुन्यावरून सुक्या कचऱ्याचे केंद्र आखले तर ते लहान पडते. घरच्या नमुन्यावरून जळण प्रकल्प आखला तर ठरलेली उष्णता देणारा कचराच तिथे पोहोचत नाही. हे स्वस्त आणि घाणेरडे काम आहे, म्हणूनच ते टाळले जाते. पण पुढचा कोट्यवधींचा खर्च याच आकड्यांवर उभा असतो.

आता तुमच्या डोळ्यांदेखत घडणारी गोष्ट: वेगळा दिलेला कचरा गाडीत एकत्र का होतो? लोक कामगारांना नावे ठेवतात. मी पाहिलेल्या बहुतेक ठिकाणी कारण गाडीत होते किंवा पगारात. गाडीत मधोमध पडदा घालून निम्मा भाग ओल्याला, निम्मा सुक्याला दिलेला असतो. पण ओला कचरा वजनाला जास्त आणि आकाराने कमी, तर सुका वजनाला हलका आणि आकाराने अवाढव्य. अर्धी फेरी होईपर्यंत सुक्याचा कप्पा ओसंडू लागतो आणि ओल्याचा अर्धा रिकामाच राहतो. मग उरलेल्या घरांचा सुका कचरा कुठे टाकणार? कामगार रिकाम्या कप्प्यात टाकतो. त्याची जागा मी घेतली असती तर मीही तेच केले असते. उपाय असा की कप्पे वजनावर नव्हे, आकारमानावर आखायचे. त्याहून चांगले म्हणजे दिवस वेगळे करायचे. ओला रोज किंवा एक दिवसाआड, सुका आठवड्यातून एकदा किंवा दोनदा. ज्या दिवशी सुक्याची गाडी येतच नाही, त्या दिवशी मिसळण्याचा प्रश्नच येत नाही. स्लोव्हेनियाच्या ल्युब्लियाना शहराने २००६ पासून ओला कचरा दारातून वेगळा उचलायला सुरुवात केली आणि पुढे मिश्र कचऱ्याच्या फेऱ्या कमी केल्या. मिश्र कचऱ्याची गाडी क्वचित येते म्हटल्यावर लोक आपोआप वेगळे करू लागतात, कारण न केल्यास तो घरातच साठतो. दंडापेक्षा वेळापत्रक जास्त काम करते असे माझे मत आहे. वेळापत्रकाला पावती फाडणारा माणूस लागत नाही.

पगाराची बाजू याहून महत्त्वाची. बहुसंख्य वाहतूक कंत्राटांत मोबदला टनावर असतो. काट्यावर जितके वजन, तितके बिल. याचे परिणाम कोणालाही सुचतील, तरी निविदा लिहिताना ते कोणाला सुचत नाहीत. कंत्राटदार राडारोडा उचलतो, कारण तो जड असतो. पावसात गाडी झाकत नाही, कारण पाणीही तोलले जाते. हलके प्लास्टिक आणि थर्मोकोल रस्त्यातच राहते, कारण त्याला वजन नाही. सोसायटीने आवारातच खत करायला घेतले तर कंत्राटदाराचे टन घटतात, म्हणून तो अशा उपक्रमाला मदत करत नाही. एका शहरात मी असेही पाहिले की घराघरातून वेगळा गोळा झालेला कचरा ट्रान्सफर स्टेशनवर, म्हणजे छोट्या गाड्यांतून मोठ्या गाड्यांत भरण्याच्या जागी, पुन्हा एकत्र होत होता. पुढच्या वाहतुकीच्या कंत्राटात वेगळ्या कचऱ्याचा उल्लेखच नव्हता आणि मोठ्या गाड्यांना एकच पोट होते. पहिल्या टप्प्याने नियम पाळला, दुसऱ्यानेही आपल्या कंत्राटाप्रमाणेच केले. दोष दोघांच्या मधल्या फटीत होता.

मग मोबदला कसा द्यावा? घरसंख्या आणि सेवेवर निश्चित रक्कम, वेगळा करून पोहोचवलेल्या ओल्या-सुक्या कचऱ्यावर वाढीव दर, आणि मिश्र कचऱ्याच्या टनावर सगळ्यात कमी दर. वेगळ्या कचऱ्यात भेसळ किती चालेल याची मर्यादा लिहायची आणि प्रक्रिया केंद्राच्या दारात अचानक तपासणी ठेवायची. कोलंबियाच्या बोगोटाचे उदाहरण मी नेहमी देतो. तिथल्या कचरावेचकांनी घटना न्यायालयापर्यंत लढा दिला आणि २०११च्या आदेशानंतर शहराला त्यांना सेवेत सामावून घेणे भाग पडले. २०१३ पासून शहर त्यांना त्यांनी गोळा करून पुनर्चक्रणाला नेलेल्या मालाच्या वजनावर मोबदला देऊ लागले, भंगाराच्या विक्रीतून मिळणाऱ्या पैशाव्यतिरिक्त. मोबदला तिथेही टनावरच होता, पण डेपोवर न गेलेल्या टनावर. बिलाच्या दोन ओळी बदलल्या की कोणाला कशात रस आहे हेच बदलते. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने २००८ पासून दारोदार संकलन हाती घेतले, तिथे त्यांचे उत्पन्न घरटी शुल्कातून आणि सुक्या मालाच्या विक्रीतून येते. वेगळे करण्यात तिथे वेचकाचा थेट फायदा असतो. पण हे टिकवायचे तर वर्गीकरणाला छपराखालची जागा, हातमोजे, ओळखपत्र आणि वेळेवर पैसे लागतात. ‘आम्ही कचरावेचकांना सामावून घेतो’ असे लिहून काम मात्र मोठ्या कंपनीला देणारी धोरणे मी बरीच वाचली आहेत.

ओला कचरा हा सगळ्या प्रश्नाचा कणा आहे. तो वेगळा झाला की सुका आपोआप स्वच्छ राहतो, डेपोवर वास, माश्या आणि लीचेट (कचऱ्यातून झिरपणारे घाण पाणी) कमी होते आणि मिथेन घटतो. हवेवाचून कुजणाऱ्या कचऱ्यातून निघणारा हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट, तर वीस वर्षांच्या हिशेबात सुमारे ८० पट तापमानवाढ करतो. दाट वस्तीत हे जमत नाही, अशी तक्रार कायम ऐकू येते. मिलानने २०१२च्या अखेरीस सुरुवात करून २०१४पर्यंत संपूर्ण शहरात, बहुतांश सदनिकांच्या इमारतींमध्ये, स्वयंपाकघरातला कचरा वेगळा उचलायला घेतला. हवा खेळणारी छोटी बादली आणि कुजणारी पिशवी, एवढेच साधन घरात दिले. दक्षिण कोरियाने १९९५ मध्ये पिशवीच्या आकारावर शुल्क लावले, २००५ मध्ये अन्नकचरा थेट जमिनीत पुरण्यावर बंदी आणली, आणि २०१३ पासून अन्नकचऱ्याचे शुल्क टाकलेल्या प्रमाणावर आकारले. कित्येक इमारतींत कार्ड दाखवून उघडणारी आणि कचरा तोलणारी यंत्रे आहेत. हा क्रम बघा. आधी किंमत, मग बंदी, मग अचूक मोजणी, आणि मध्ये अठरा वर्षे.

ओल्या कचऱ्याचे खत करायचे की बायोगॅस, यावर मला टोकाचे मत नाही. कचरा शुद्ध आणि पाणीदार असेल, गॅस घेणारा जवळ असेल आणि चालवणारे कुशल असतील तर बायोगॅस चांगला. नाहीतर खत जास्त क्षमाशील आहे. चूक झाली तरी ढीग परतून सावरता येतो, बायोगॅसची टाकी एकदा आंबली की पूर्वपदावर यायला आठवडे लागतात. खताला कार्बन नायट्रोजनच्या साधारण २५ ते ३० पट आणि ओलावा ५० ते ६० टक्के हवा. स्वयंपाकघरातला कचरा एकटा यात बसत नाही. त्यात सुका पाला किंवा लाकडाचा भुसा मिसळावाच लागतो, आणि खत प्रकल्पाच्या अंदाजपत्रकातून नेमका तोच खर्च गायब असतो. रोगजंतू मरायला उष्णता लागते. अमेरिकेत मैलामिश्रित खतासाठी जो नियम आहे, तो अनेक जण उसना घेतात: उघड्या राशींत १५ दिवस ५५ अंश सेल्सियस आणि त्या काळात पाच वेळा परतणे. एक व्यावहारिक सूचना: मिश्र कचऱ्यातून यंत्राने ओला भाग चाळून केलेल्या मालाला खत म्हणू नये. काच आणि जड धातू त्यात राहतात, शेतकरी एकदा घेतो आणि पुन्हा येत नाही. न खपलेल्या खताचे डोंगर ज्या प्रकल्पांत दिसतात, तिथे दोष बाजाराचा क्वचितच असतो.

सुक्या कचऱ्याबद्दल थोडक्यात. पुठ्ठा, धातू आणि बाटल्यांना गिऱ्हाईक मिळते. अनेक थरांची वेष्टने आणि मळकी पातळ पिशवी यांना मिळत नाही, आणि शहराच्या बळावर मिळणारही नाही. तिथे उत्पादकांकडून खर्च वसूल करणारी व्यवस्था वरून यावी लागते. टक्केवारी वाचताना ती कुठे मोजली आहे ते विचारा. युरोपीय संघाने २०१८च्या दुरुस्तीत नागरी कचऱ्याच्या पुनर्चक्रणाची उद्दिष्टे २०२५ साठी ५५, २०३० साठी ६० आणि २०३५ साठी ६५ टक्के ठेवली, आणि त्याच वेळी मोजण्याची जागाही बदलली. नुसते गोळा केलेले धरायचे नाही, तर छाननीनंतर प्रत्यक्ष पुनर्चक्रणाच्या यंत्रात जे जाते तेच धरायचे. या एका बदलाने कित्येकांचे आकडे खाली आले. वर्गीकरण केंद्राच्या मागच्या दाराने डेपोकडे जाणारा रिजेक्ट, म्हणजे निरुपयोगी ठरलेला, माल तुमच्या शहराच्या आकड्यात ‘पुनर्चक्रित’ म्हणून धरलेला नाही ना, एवढे बघा.

आता वीज प्रकल्प, कारण तुमचा मुख्य प्रश्न तोच आहे. मी त्याच्या विरोधात नाही. जमीन नाही, कचरा कोरडा आहे, धूर तपासणारी यंत्रणा स्वतंत्र आणि कडक आहे, अशा शहरांत तो चालतो. पण जागतिक बँकेच्या जुन्या तांत्रिक मार्गदर्शनातला निकष अजूनही उपयोगी आहे: कचऱ्याचे उष्मांकमूल्य, म्हणजे जाळल्यावर मिळणारी उष्णता, वर्षभराच्या सरासरीत किलोला किमान ७ मेगाज्यूल हवे आणि कोणत्याही ऋतूत ६च्या खाली जाता कामा नये. निम्म्याहून जास्त ओला असलेला मिश्र कचरा पावसाळ्यात तिथपर्यंत पोहोचतच नाही. मग भट्टी चालू ठेवायला बाहेरचे इंधन जाळावे लागते. शिवाय जाळल्यावरही वजनाच्या २० ते २५ टक्के राख उरते, आणि धूर गाळताना मिळणारी राख तर घातक कचऱ्यात मोडते. म्हणजे ‘प्रकल्प झाला की डेपो नको’ हे खरे नाही.

त्याहून मोठा धोका कंत्राटातला. अशा प्रकल्पांत शहर वीस-पंचवीस वर्षे रोज ठरावीक टन कचरा देण्याची हमी देते. कमी पडला तरी पैसे भरायचे. ही अट एकदा सही झाली की उतरंडीच्या वरच्या पायऱ्या शहराच्या आर्थिक हिताच्या विरोधात जातात. कागद-प्लास्टिक वेगळे काढले की भट्टीचे इंधन जाते, कचरा कमी झाला की दंड बसतो. कोपनहेगनचा आमागर बाके हा २०१७ मध्ये सुरू झालेला प्रकल्प जगातल्या सर्वांत देखण्या प्रकल्पांपैकी आहे, छतावर स्कीइंगची उतरणसुद्धा आहे. पण क्षमता भरायला तिथे परदेशातून कचरा आणावा लागला आहे. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या हॅरिसबर्ग शहराची गत याहून वाईट. भट्टीच्या नूतनीकरणाच्या कर्जाने ते इतके वाकले की २०११ मध्ये नगर परिषदेने दिवाळखोरीचा अर्ज केला. न्यायालयाने तो फेटाळला आणि शहराचा कारभार राज्याने नेमलेल्या प्रशासकाकडे गेला. म्हणून ‘आधी काय’ याचे माझे उत्तर असे: आधी वर्गीकरण आणि ओल्याची प्रक्रिया, मग दोन पावसाळ्यांचे मोजमाप, आणि उरेल त्यावर प्रकल्पाचा आकार. उलट क्रमाने गेल्यास प्रकल्पच शहराचे धोरण ठरवू लागतो.

उरलेला कचरा पुरायला जागा लागणारच, आणि तिला लाजण्याचे कारण नाही. तळाला मातीचा घट्ट थर आणि त्यावर प्लास्टिकचे अस्तर, लीचेट गोळा करणाऱ्या नळ्या, रोजचे मातीचे आच्छादन आणि वायू काढण्याची सोय, एवढे असले की तो उघडा डेपो राहत नाही. खर्च झेपत नसेल तर जपानच्या फुकुओका शहराने आणि तिथल्या विद्यापीठाने १९७०च्या दशकात विकसित केलेली पद्धत पाहण्यासारखी आहे. लीचेटच्या नळ्या मोठ्या ठेवतात आणि त्यांचे तोंड उघडे ठेवतात. आतल्या उष्णतेने हवा वर चढते आणि नळीतून ताजी हवा ढिगात ओढली जाते, पंप लागत नाही. हवा मिळाल्याने मिथेन कमी बनतो आणि लीचेटही लवकर निवळते. सामोआसारख्या लहान बेटदेशातही ती वापरली गेली आहे. ओल्या कचऱ्याच्या, कमी पैशांच्या शहरांना ती इतकी सोयीची असूनही निविदांत क्वचित दिसते, बहुधा तिच्यात विकण्यासारखे यंत्र नाही म्हणून.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाला, म्हणजे बाहेरून ओळखायचे कसे, याला. धोरणाचा दस्तऐवज बाजूला ठेवा आणि वाहतूक कंत्राटातले मोबदल्याचे कलम मागवा. पैसे टनावर आहेत की सेवेवर, मिश्र आणि वेगळ्या कचऱ्याला एकच दर आहे का, एवढे वाचले तरी निम्मे उत्तर मिळते. मग वजनकाट्याची नोंद. ओला, सुका, मिश्र असे वेगळे रकाने आहेत का? रोजचे आकडे संशयास्पदरीत्या सारखे आहेत का? पाऊस पडलेल्या आठवड्यातही वजन तसूभर न हलणारा काटा मी खरा मानत नाही. खत प्रकल्पाला किती ओला कचरा आत गेला, किती खत विकले गेले आणि किती रिजेक्ट डेपोवर परत गेले, हे तीन आकडे मागा. पहिलाच आकडा पुढे करून बाकीचे टाळणारे अधिकारी तुम्हाला भेटतील. वीज प्रकल्पाचा करार झाला असेल तर किमान पुरवठ्याची अट आणि मुदत. अंदाजपत्रकात चालवण्याच्या आणि देखभालीच्या खर्चाचा वेगळा रकाना आहे का, तेही पाहा, कारण अनुदानातून यंत्र येते, त्याचे वीजबिल येत नाही. आणि एखाद्या सकाळी ट्रान्सफर स्टेशनवर तासभर उभे राहून वेगळ्या गाड्या नेमक्या कुठे रिकाम्या होतात ते पाहून या. तिथे आत सोडायला खळखळ झाली, तर तीही नोंद करण्याजोगी गोष्ट आहे.

‘शून्य कचरा’ या शब्दांवरून मात्र शहराची परीक्षा करू नका, ना कौतुकाने ना टवाळीने. सॅन फ्रान्सिस्कोने २००३ मध्ये २०२०पर्यंत शून्य कचऱ्याचे उद्दिष्ट ठेवले होते, २००९ मध्ये ओला कचरा वेगळा देणे सक्तीचे केले, आणि तरीही ते उद्दिष्ट हुकले. २०१८ मध्ये शहराने ते बदलून मोजता येण्याजोगे केले: २०३०पर्यंत एकूण कचरा १५ टक्क्यांनी आणि पुरला किंवा जाळला जाणारा कचरा ५० टक्क्यांनी कमी. तुमच्या शहराकडे मागणी करायचीच असेल तर अशी करा. डेपोवर आणि भट्टीत जाणारे दरडोई किलो किती, दर महिन्याला जाहीर करा, आणि पुढच्या निविदेत कंत्राटदाराचा मोबदला त्याच आकड्याशी जोडा. निविदेचा मसुदा हरकतींसाठी खुला होतो तेव्हा लेखी सूचना द्या. सही झाल्यावर पुढची काही वर्षे फारसे काही हलत नाही.